फौजीचे तास, रजा आणि कल्याणाचा पैसा : व्हरांड्यात नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी फौजेत चोवीस वर्षं क्लार्क होतो. हातात बंदूक कमी, रजेचं रजिस्टर जास्त. निवृत्तीनंतर वर्धा जिल्ह्यातल्या माझ्या गावी आलो आणि आता दर मंगळवारी, बाजाराच्या दिवशी, ग्रामपंचायतीच्या व्हरांड्यात टेबल टाकून बसतो. आसपासच्या गावांतून माणसं येतात, भाजीच्या थैलीत कागद घेऊन. प्रश्न फिरून फिरून तेच असतात, म्हणून एकदाचे लिहून काढले. रकमा २०२५ अखेरच्या आहेत. अर्ज करण्याआधी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात एकदा विचारून घ्या.

"भाऊ, पोराची ड्युटी किती घंट्याची असते?"

कागदावर घंटे नाहीतच. फौजी चोवीस तास ड्युटीवर धरलेला असतो, झोपेतसुद्धा.

१९४८च्या कारखाना कायद्यात (नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याची जागा नव्या कामगार संहितेनं घेतली) कामगाराला आठवड्याला ४८ तास आणि दिवसाला ९ तास अशी मर्यादा होती. त्याच्या वर काम घेतलं तर दुप्पट दर. पण 'कारखाना' म्हणजे काय ते सांगणाऱ्या व्याख्येतूनच सेनादलांची फिरती युनिटं वगळली होती. राज्यघटनेच्या कलम ३३ नं सैनिकांच्या मूलभूत हक्कांना मुरड घालायचा अधिकार संसदेला दिला आहे आणि १९५०च्या सैन्य अधिनियमाच्या कलम २१ मुळे कामगार संघटनेत जाता येत नाही. म्हणजे तास ठरलेले नाहीत आणि ते ठरवा म्हणून एकत्र येऊन मागणीही करता येत नाही.

आमच्या शेजारच्या गावात दोघं भाऊ आहेत. मोठा भद्रावतीच्या आयुध निर्माणीत, धाकटा पायदळात. एका दिवाळीला दोघं ओट्यावर बसले होते, मीही होतो. मोठ्यानं पगाराची चिठ्ठी काढून ओव्हरटाइमचा आकडा दाखवला आणि धाकट्याला विचारलं, "तुले रातच्या पहाऱ्याचे किती भेटते?" धाकटा म्हणाला, "चहा." सगळे हसले. त्याची बायको मात्र हसली नाही.

पहाऱ्याची रीत साधारण दोन तास उभं राहणं, चार तास आराम अशी असते. पण त्या चार तासांत माणूस बूट काढत नाही. त्याला आराम म्हणायचं की नाही, हे तुम्हीच ठरवा.

"मग ती एमएसपी काय असते? ओव्हरटाइमच ना?"

आमच्याकडं एमएसपी म्हटलं की कापसाचा हमीभाव आठवतो, म्हणून हा घोळ नेहमी होतो. फौजेतली एमएसपी म्हणजे मिलिटरी सर्व्हिस पे. सातव्या वेतन आयोगाप्रमाणे जवानापासून सुभेदार मेजरपर्यंत महिन्याला ५,२०० रुपये, अधिकाऱ्याला १५,५००. फौजी आयुष्याच्या खास कष्टांबद्दल दिलेली ही ठोक रक्कम आहे. तुम्ही महिन्यात किती रात्री जागलात, याच्याशी तिचा संबंध नाही. हमीभावासारखंच समजा : मेहनत कितीही करा, दर एकच.

"रजा किती असते?"

जवान आणि जेसीओला (सुभेदारासारख्या कनिष्ठ कमिशन्ड अधिकाऱ्याला) वर्षाला ६० दिवस वार्षिक रजा आणि ३० दिवस किरकोळ रजा. अधिकाऱ्याला ६० आणि २०. चार वर्षांसाठी भरती झालेल्या अग्निवीराला वर्षाला ३० दिवस.

आकडा ऐकून लोक म्हणतात, तीन महिने, मजा आहे! पण रजा हक्क म्हणून मागता येत नाही. ती कमांडिंग ऑफिसरनं, युनिटचं काम बघून द्यायची असते. किरकोळ रजा ३१ डिसेंबरला संपते. उरली ती गेली. वार्षिक रजेतले न घेतलेले काही दिवस साठतात आणि निवृत्तीच्या वेळी जास्तीत जास्त ३०० दिवसांचा पैसा मिळतो. तो पैसा घेताना पुष्कळ लोक खूश असतात. मी ते हिशेब टाइप केलेत. ३०० दिवस म्हणजे पोरीच्या शाळेतले किती कार्यक्रम, किती पेरण्या, असं काहीतरी डोक्यात यायचं. पण आमच्या नमुन्यात तसा रकाना नव्हता.

विदर्भातल्या पोरांची अडचण अशी की सगळ्यांना एकाच वेळी घरी यायचं असतं. मृगाचा पाऊस पडला की पेरणी, मग पोळा, मग दिवाळी, आणि दिवाळीलाच सोयाबीन खळ्यात आणि कापूस वेचणीला. कंपनीत (फौजेच्या तुकडीत) शंभर माणसं असतील तर शंभर जण एकाच आठवड्यात जाऊ शकत नाहीत. क्लार्क म्हणून सांगतो, वर्षाच्या सुरुवातीला रजेचा तक्ता भरतात तेव्हा नेमक्या तारखा लिहिणाऱ्याला रजा मिळायची शक्यता जास्त असते. 'दिवाळीच्या आसपास' असं लिहिणारा शेवटी जानेवारीत घरी येतो. घरच्यांनी लग्नाची, ऑपरेशनची तारीख धरताना पोराला आधी विचारावं. पंचांग बघून तारीख धरायची आणि मग "रजा टाक" म्हणायचं, ही आपली जुनी खोड आहे.

"घरी अचानक काही झालं तर त्याला कसं बोलवायचं?"

त्याच्या मोबाइलवर भरवसा ठेवू नका. बऱ्याच ठिकाणी रेंज नसते. युनिटचा फोन नंबर, त्याचा आर्मी नंबर, रँक, पूर्ण नाव आणि कंपनी, एवढं घरात लिहिलेलं पाहिजे. एका म्हातारीनं हे सगळं चुलीमागच्या भिंतीवर कोळशानं लिहून ठेवलं होतं. नवरा गेला त्या रात्री शेजारच्या पोरानं भिंतीवर बॅटरी मारून नंबर लावला आणि मुलगा तिसऱ्या दिवशी घरी पोचला. माझ्या पाहण्यातली ही सगळ्यात चोख नोंदवही.

युनिटला खातरजमा हवी असेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय पत्र पाठवू शकतं. दवाखान्याचा कागद असेल तर त्याचा फोटो लगेच पाठवा.

"रजेवर आला आणि आजारी पडला, किंवा पुरानं रस्ताच बंद झाला तर?"

गप्प बसू नका, एवढंच. सबळ कारणाशिवाय रजेपेक्षा जास्त राहणं हा सैन्य अधिनियमाच्या कलम ३९ खाली गुन्हा आहे आणि त्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. परवानगीशिवाय ३० दिवस गैरहजर राहिला तर कलम १०६ प्रमाणे चौकशी बसते. आजारी असेल तर कामठीच्या मिलिटरी हॉस्पिटलला दाखवा. तिथवर जाणं शक्य नसेल तर सरकारी दवाखान्याचं प्रमाणपत्र घ्या आणि त्याच दिवशी युनिटला फोन करून लेखीही कळवा. खासगी डॉक्टरनं नंतर मागच्या तारखेनं दिलेला कागद कुणी मानत नाही. मीही कधी मानला नाही.

"रजा नाकारली तर कोर्टात जाता येतं का?"

इथं लोकांना धक्का बसतो. २००७च्या कायद्यानं सशस्त्र सेना न्यायाधिकरण झालं. आपल्याला खंडपीठ मुंबईचं लागतं. पेन्शन, पगार, बढती असे वाद तिथं चालतात. पण त्याच कायद्यात 'सेवाविषयक बाबी'ची व्याख्या करताना बदल्या, नेमणुका आणि कोणत्याही प्रकारची रजा बाहेर ठेवली आहे.

उरते ती तक्रारीची शिडी. अधिकारी नसलेल्या सैनिकाला सैन्य अधिनियमाच्या कलम २६ प्रमाणे वरिष्ठाकडे दाद मागता येते. तिथं काम नाही झालं तर त्याच्याही वर. उच्च न्यायालयाचं दार तत्त्वतः उघडं आहे, पण निकाल लागेपर्यंत ज्या लग्नासाठी रजा मागितली त्याचं बारसंही होऊन जाईल.

"दुसऱ्या देशांत फौजीला तास ठरवून देतात म्हणे. खरं का?"

काही ठिकाणी देतात. जर्मनीत १ जानेवारी २०१६ पासून सैनिकांच्या कामाच्या वेळेचा वेगळा नियम आहे : नेहमीच्या छावणीतल्या कामासाठी आठवड्याला ४१ तास. स्लोव्हेनियाच्या एका माजी सैनिकाला महिन्यातून सात दिवस सलग पहारा असायचा. त्याचा दावा लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयात गेला आणि १५ जुलै २०२१ रोजी निकाल लागला. न्यायालय म्हणालं, प्रत्यक्ष मोहीम, सुरुवातीचं प्रशिक्षण, मोहिमेची तयारी हे कामाच्या तासांच्या नियमाबाहेर. पण सैनिक आहे म्हणून त्याचं प्रत्येक काम नियमाबाहेर, असं नाही. फ्रान्सला हे पटलं नाही. त्यांचं म्हणणं, अशानं फौज चालणार नाही.

माझं मत विचाराल तर सियाचिनला घड्याळ लावा असं कुणी शहाणा म्हणणार नाही. पण शांततेच्या ठाण्यावर, जिथं गवत कापणं, मंडप घालणं, पाहुण्यांची व्यवस्था यात रविवार जातो, तिथले तास निदान लिहिले तरी जावेत. आम्ही जीपच्या डिझेलचा लिटर-लिटर हिशेब लिहायचो. माणसाच्या झोपेचा हिशेब लिहायचं रजिस्टर मला चोवीस वर्षांत दिसलं नाही.

"कल्याणाचा पैसा येतो कुठून? सरकार देते की लोक?"

दोघंही देतात, आणि फौजी स्वतःही देतो. हे फार कमी लोकांना ठाऊक असतं.

मोठा हिस्सा संरक्षण खात्याच्या अंदाजपत्रकातून येतो. २०२५-२६ साली एकूण तरतूद सुमारे ६.८१ लाख कोटी रुपयांची. त्यातले सुमारे १.६१ लाख कोटी पेन्शनचे आणि माजी सैनिकांच्या उपचारासाठी, म्हणजे ईसीएचएससाठी, ८,३१७ कोटी. राज्य आणि जिल्हा सैनिक कार्यालयांचा खर्च आपल्यासारख्या राज्यांत केंद्र ६० टक्के आणि राज्य ४० टक्के असा वाटून घेतं. म्हणून जिल्ह्याचं कार्यालय राज्याचं असलं तरी काही अर्ज दिल्लीच्या केंद्रीय सैनिक बोर्डाकडं जातात. बाबूवर चिडण्याआधी आपला अर्ज कोणत्या दाराचा आहे, ते विचारून घ्या.

दुसरा हिस्सा जवानाच्या पगारातून कापला जातो. आर्मी ग्रुप इन्शुरन्स फंड १ जानेवारी १९७६ ला सुरू झाला. जवान गेल्यावर त्यातून मिळणारी रक्कम ही मेहेरबानी नसते, तो त्याच्याच वर्गणीचा विमा असतो. कॅन्टीनच्या नफ्यातला काही भागही युनिटच्या कल्याणाकडं वळतो.

तिसरा हिस्सा लोकांचा, म्हणजे ध्वजदिनाचा. त्याचं खाली सांगतो.

आणि एक चौथा, जो आपल्याकडं कुणी मागतच नाही. कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत माजी सैनिक, वीरपत्नी आणि त्यांच्या अवलंबितांसाठी केलेला खर्च कंपनीच्या सामाजिक उत्तरदायित्वात (सीएसआरमध्ये) मोजला जातो. चंद्रपूर जिल्ह्यात सिमेंट आणि कोळशाच्या एवढ्या कंपन्या असताना आपण फक्त गणेशोत्सवाची वर्गणी मागायला जातो.

"सात डिसेंबरला पोरं डबा घेऊन येतात, तो पैसा जातो कुठं?"

सशस्त्र सेना ध्वजदिन १९४९ पासून ७ डिसेंबरला पाळतात. जिल्ह्यात गोळा झालेली रक्कम जिल्हाधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली सैनिक कल्याण यंत्रणेकडं जाते. केंद्रात पूर्वी असे निधी वेगवेगळे होते. १९९३ मध्ये ते एकत्र करून सशस्त्र सेना ध्वजदिन निधी झाला. त्याला दिलेल्या देणगीवर आयकरात वजावट मिळू शकते.

डब्यात दहा रुपये टाकले तरी छातीवर लावायचा कागदी झेंडा मागून घ्या. मोठी रक्कम असेल तर चेकनं द्या आणि पावती घ्या. आणखी एक खरं बोलतो : हा निधी गरजूला आधार आहे, रजेला किंवा झोपेला पर्याय नाही. सात डिसेंबरला झेंडा लावणारे काही साहेब आठ तारखेला विधवेचा अर्ज 'त्रुटी' शेरा मारून परत करतात, हेही मी पाहिलंय.

"त्या निधीतून आम्हाला काय मिळू शकतं?"

ध्वजदिन निधीचाच एक भाग असलेल्या संरक्षण मंत्री माजी सैनिक कल्याण निधीतली मदत १ नोव्हेंबर २०२५ पासूनच्या अर्जांना दुप्पट झाली. पेन्शन नसलेला, ६५ वर्षांवरचा माजी सैनिक किंवा त्याची विधवा असेल तर महिन्याला ८,००० रुपये, हयातभर. पंधरा वर्षं पूर्ण व्हायच्या आत घरी आलेले आणि आता मुलाच्या वावरात राखणीला बसणारे म्हातारे आपल्याकडं पुष्कळ आहेत. त्यातल्या निम्म्यांना आपण 'माजी सैनिक' आहोत हेच आठवत नाही. "पेन्शन नाही म्हणजे काहीच नाही," असं धरून बसलेले असतात. त्यांना शोधून माझ्याकडं पाठवा.

शिक्षणासाठी हवालदारापर्यंतच्या हुद्द्याला, दोन मुलांपर्यंत, पहिलीपासून पदवीपर्यंत, दर मुलामागं महिन्याला २,०००. मुलीच्या लग्नासाठी एक लाख, दोन मुलींपर्यंत, विधवेच्या पुनर्विवाहालाही.

पंतप्रधान शिष्यवृत्ती वेगळी. बारावीला किमान ६० टक्के आणि व्यावसायिक अभ्यासक्रमाचं पहिलं वर्ष पाहिजे. मुलींना महिन्याला ३,०००, मुलांना २,५००, देशभरात वर्षाला ५,५०० जागा. ही माजी सैनिकांच्या मुलांसाठी आहे. बाप अजून सेवेत असेल तर नाही.

"घरपट्टी माफ होते का?"

होते, एका घराची. २०२० पासून. जिल्हा सैनिक कल्याण अधिकाऱ्यांचा दाखला ग्रामसेवकाला द्या. ग्रामसेवकाला माहीत नसेल तर माझ्याकडं घेऊन या, ग्रामसेवकाला.

"माझा नवरा सीआरपीएफमध्ये आहे. हे सगळं आम्हालाही लागू?"

नाही, ताई. गावात सगळ्यांनाच फौजी म्हणतात, पण सीआरपीएफ, बीएसएफ गृह मंत्रालयाखाली येतात, संरक्षण खात्याखाली नाही. तुमच्यासाठी कल्याण व पुनर्वसन मंडळ वेगळं आहे. गडचिरोलीच्या जंगलात वर्षं काढलेल्या माणसाला हे सांगताना मला दर वेळी ओशाळल्यासारखं होतं.

"अग्निवीराला काय मिळतं?"

योजना १४ जून २०२२ ची. पहिल्या वर्षी महिन्याला ३०,००० आणि चौथ्या वर्षी ४०,०००. त्यातले ३० टक्के सेवानिधीत कापले जातात आणि तेवढेच सरकार घालतं. चार वर्षांनी व्याजासह सुमारे ११.७१ लाख, आयकर नाही. सेवेत असताना ४८ लाखांचा विमा, हप्ता भरावा लागत नाही. सेवेमुळं मृत्यू आला तर वर आणखी ४४ लाख. पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही, माजी सैनिकाचा दर्जा नाही, ईसीएचएस नाही. पंचवीस टक्क्यांपर्यंत मुलं कायम होतात. पहिली तुकडी २०२६-२७ च्या सांध्यावर घरी येते आहे. बापांना एकच सांगणं : ते अकरा लाख ट्रॅक्टरच्या डाउन पेमेंटला लगेच देऊन टाकू नका.

"जवान शहीद झाला तर घरच्यांना काय मिळतं?"

केंद्राचं सानुग्रह अनुदान १ जानेवारी २०१६ पासून असं : ड्युटीवर अपघात किंवा अतिरेकी हल्ला, २५ लाख, सीमेवरची चकमक किंवा अति उंचीवरचा मृत्यू, ३५ लाख, युद्ध, ४५ लाख. युद्धजन्य मृत्यूत कुटुंब पेन्शन शेवटच्या पगाराएवढी, सेवेमुळं आलेल्या इतर मृत्यूत ६० टक्के, साध्या मृत्यूत ३० टक्के. विमा आणि राज्याची मदत वेगळी. पैसे कुणाला मिळणार यावरून सासू-सून यांच्यात फाटतं, म्हणून पोरानं नामनिर्देशन वेळेवर बदललंय का ते तो जिवंत असतानाच बघा. अभद्र वाटतं, तरी विचारा.

"सगळे कागद दिले, तरी पेन्शन अडकली. काहून?"

दहातल्या सहा वेळा नावामुळं. फौजेत भरती होताना रिक्रूटिंग क्लार्कनं ऐकलं तसं लिहिलेलं असतं : विठ्ठलचा विठल, वानखडेचा वानखेडे. बायकोच्या बाबतीत तर विचारू नका. लग्नानंतर युनिट पार्ट टू ऑर्डर, म्हणजे नोंदीचा हुकूम, काढतं तेव्हा तिचं नाव रेकॉर्डमध्ये जातं. त्यात 'शोभा', आधारवर 'शोभाबाई', बँकेत माहेरचं आडनाव. नवरा असतो तोवर कुणाला फरक पडत नाही.

पलीकडच्या गावातल्या एका काकूंची कुटुंब पेन्शन अशीच सात महिने थांबली. जिथं अर्ज द्यायचा तिथं त्या दर महिन्याला जायच्या, वेचणीची मजुरी बुडवून, एसटीनं. दर वेळी नवा कागद सांगितला जायचा. शेवटी माझ्यापुढं त्यांनी पिशवी उलटी केली. अठरा कागद होते, त्यातले अकरा एकाच रेशन कार्डाच्या झेरॉक्स. हवा होता फक्त एक, दोन्ही नावं एकाच बाईची आहेत असं सांगणारं प्रतिज्ञापत्र, आणि रेकॉर्ड ऑफिसला एक पत्र. ते लिहायला मला वीस मिनिटं लागली. त्या दिवशी मी घरी जाऊन आधी माझ्या बायकोचे कागद तपासले. चूक होती.

आता पेन्शन 'स्पर्श' या संरक्षण खात्याच्या ऑनलाइन प्रणालीतून येते. नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला द्यायला विसरू नका. गावाजवळच्या सीएससी (सामान्य सेवा) केंद्रातही होतो. शेतमजुरी करून बोटांचे ठसे झिजलेले असतात आणि मशीन घेत नाही. तेव्हा चेहऱ्यानं ओळख पटवायची सोय मागा.

"पोरगा सीमेवर, इकडं चुलत्यानं शेताच्या धुऱ्याचा दावा लावलाय."

१९२५ चा भारतीय सैनिक खटले कायदा अजून चालू आहे. युद्धाच्या किंवा कायद्यात सांगितलेल्या विशेष परिस्थितीत सेवा करणारा सैनिक हजर राहू शकत नसेल, तर तसं प्रमाणित झाल्यावर न्यायालय दावा पुढं ढकलू शकतं. वकिलाला हा कायदा ठाऊक नसेल तर रागावू नका, पुष्कळांना नसतो. जुलै २०२५ पासून राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाची वीर परिवार सहायता योजनाही आहे. तिच्यात सैनिक बोर्डांमधून मोफत कायदेशीर मदत मिळते.

"तो फोनवर फक्त 'हो, ठीक' म्हणतो. पहिल्यासारखा बोलत नाही."

हा प्रश्न बायका सगळे कागद आवरून झाल्यावर, उठता उठता विचारतात. टेली-मानसचा १४४१६ हा नंबर मोफत आहे. फौजी आणि त्यांच्या घरच्यांसाठी पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात (एएफएमसीत) वेगळा कक्ष डिसेंबर २०२३ पासून आहे. तुम्ही स्वतःही फोन करू शकता. आणि त्याच्याशी बोलताना पहिल्यांदा "पैसे कधी पाठवतोस" न विचारता "रात्री झोप झाली का" विचारा. घराचा हप्ता, पिकाचं नुकसान हे दुसऱ्या फोनला सांगा.

"मंगळवारी येताना काय काय आणू?"

डिस्चार्ज बुक, पीपीओ (पेन्शनचा आदेश), दोघांचं आधार, बँकेचं पासबुक, मुलांचे जन्मदाखले. मूळ कागद आणा आणि प्रत्येकाची एकच झेरॉक्स. बाजाराच्या दिवशी झेरॉक्सच्या दुकानात रांग असते, म्हणून सोमवारीच काढून ठेवा. दुपारी दोननंतर मी नसतो. कापूस वेचायला बाया आलेल्या असतात.